मदत हवी आहे: बॅटमॅनची कॅसेट लागत नाही, रविवारच्या आत चालू व्हायला हवी

शाहूपुरी_८४
माळ्यावरून जुना व्हिडिओ गेम काढला. बाकीच्या कॅसेट मस्त चालतात, फक्त बॅटमॅनची लागत नाही. रविवारी मामा येतोय, त्याच्या आधी ती चालायलाच पाहिजे. कोल्हापुरात हे काम करणारं कुणी आहे का? लवकर सांगा.

जुना_खेळाडू
कॅसेटच्या तोंडाशी असलेल्या धातूच्या पट्ट्या काळ्या पडल्या असतील. पांढऱ्या खोडरबरनं हलक्या हातानं घासा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसानं पुसा. फुंकर अजिबात मारू नका. लहानपणी सगळेच मारायचो, पण थुंकीच्या ओलाव्यानं पट्ट्या गंजतात.

राजारामपुरी_पाचवी_गल्ली
अडॅप्टर किती व्होल्टचा आहे? टीव्ही कुठला? स्क्रीन काळी येते की करडी?

शाहूपुरी_८४
अडॅप्टर ठीक आहे हो, बाकीच्या कॅसेट चालतात म्हणून सांगितलं की. स्क्रीनचा प्रश्नच नाही.

पिक्सेल_पोरगी
दादा, एवढा त्रास कशाला? मोबाइलवर एम्युलेटर (जुने गेम चालवणारं ॲप) टाका, दोन मिनिटांत बॅटमॅन सुरू. तसंही सिनेमावरून केलेले गेम टुकारच असतात. अटारी कंपनीचा ई.टी. गेम १९८२ साली जेमतेम पाच आठवड्यांत उरकला होता. न खपलेल्या कॅसेट न्यू मेक्सिकोत पुरल्या आणि २०१४ मध्ये परत उकरून काढल्या.

जुना_खेळाडू
एका ई.टी.वरून सगळ्यांना नावं ठेवू नका. सनसॉफ्ट कंपनीचा बॅटमॅन जुन्या ८ बिट मशीनवरचा अव्वल गेम आहे, संगीत आजही अंगावर काटा आणतं. आणि जेम्स बाँडचा १९९७ चा गोल्डनआय विसरलात?

सेगाभक्त
विषय निघालाच आहे तर अल्लादिन घ्या. १९९३ मध्ये दोन वेगळे गेम आले. सेगाच्या मशीनवरच्या अल्लादिनच्या हातात तलवार, कॅपकॉम कंपनीनं सुपर निन्टेन्डो मशीनसाठी केलेल्यात तो शत्रूच्या डोक्यावर उड्या मारतो. तलवारवालाच भारी.

जुना_खेळाडू
उड्यांचा खेळ कॅपकॉमचाच चांगला. यावर वेगळा धागा काढा, तिथं बोलू.

राजारामपुरी_पाचवी_गल्ली
शाहूपुरीकर, स्क्रीनचा प्रश्न नाही म्हणजे काय? "लागत नाही" म्हणजे नेमकं काय होतंय?

शाहूपुरी_८४
अहो, कॅसेट खाचेत जातच नाही. रुंद आहे. करड्या रंगाची, बाकीच्यांच्या जवळजवळ दुप्पट उंच. मामानं १९९४ साली अमेरिकेतून पाठवली होती. तेव्हाही बसली नाही. आईनं बजावलं, एवढ्या लांबून हौसेनं पाठवलीय, त्याला कळवू नकोस. फोनवर मी "लई भारी आहे मामा" म्हणालो होतो. आता तो विचारतोय, आहे का रे अजून ती?

उद्यमनगर_टर्नर
मग आधी सांगायचं की भावा! कडेचं प्लास्टिक कानशीनं घासून देतो, पाच मिनिटांचं काम.

राजारामपुरी_पाचवी_गल्ली
थांबा, कानस लावू नका! निन्टेन्डोच्या अमेरिकन कॅसेटला ७२ पिन, आपल्याकडची मशीन म्हणजे निन्टेन्डोच्याच जपानी फॅमिकॉम मशीनची नक्कल, त्यांची खाच ६० पिनची. प्लास्टिक घासून पिना जुळणार नाहीत, उलट कॅसेट कायमची जाईल. ७२ वरून ६० करणारा कन्व्हर्टर लागतो.

जुना_खेळाडू
जायरोमाइट गेमच्या सुरुवातीच्या काही कॅसेटच्या पोटात कन्व्हर्टर असायचा. तसली मिळाली तर?

राजारामपुरी_पाचवी_गल्ली
तो उलटा. जपानी ६० पिनची सर्किटची पाटी अमेरिकन मशीनला जोडायला. ऑनलाइन मागवतानाही लोक इथंच फसतात.

पिक्सेल_पोरगी
पण निन्टेन्डोच्या कॅसेटमध्ये कुलपाची चिप असते ना, मग दुसऱ्या मशीनवर चालेल?

राजारामपुरी_पाचवी_गल्ली
असते, पण तपासणी करणारी जोडीदार चिप अमेरिकन मशीनमध्ये असते. आपल्या नकलेत ती नाहीच, त्यामुळे अडवायला कुणी नाही. शाहूपुरीकर, मागवून रविवारच्या आत येणार नाही. माझ्याकडे कन्व्हर्टर आहे, मेसेज टाका आणि संध्याकाळी मशीन घेऊनच या. लावताना दिशा चुकली तर दोन्ही जळेल, म्हणून मी लावून दाखवतो. आणि पिक्सेल, मोबाइलवर चालवून मामाला काय दाखवणार? त्यांनी पाठवलेली कॅसेटच चालली पाहिजे.

शाहूपुरी_८४
सातपर्यंत पोचतो. आभारी आहे.

शाहूपुरी_८४
(रविवार) चालली! जांभळा बॅटमॅन पडद्यावर आला तेव्हा मामा खुर्चीवरून खाली सतरंजीवर येऊन बसला. ३० वर्षं ती बसलीच नव्हती, हे सांगून टाकलं. तो काही बोलला नाही, दुसरा रिमोट मागितला. म्हटलं, हा एकट्याचाच गेम आहे, तर माझ्या हातातला घेतला तो अजून सोडलेला नाही. दोन शंका: भिंतीवरून उडी कशी मारायची? आणि स्टार्ट दाबून गेम थांबत का नाही? मामाला चहा घ्यायचाय.

जुना_खेळाडू
भिंतीला टेकला की लगेच परत उडीचं बटन. यात स्टार्टनं हत्यार बदलतं, थांबवायला सिलेक्ट दाबा.