मदत हवी आहे: मिनीडीव्ही टेपचे एमपी४ करताना आवाज पुढे पळतो

घरच्या कीर्तनाची मिनीडीव्ही टेप (कॅमकॉर्डरची छोटी डिजिटल टेप) फायरवायर केबलने लॅपटॉपवर घेतली. फाइल डीव्ही एव्हीआय, टाइप २ (आवाजाचा वेगळा प्रवाहही असलेली), पाल पद्धतीची, सेकंदाला २५ फ्रेम; आवाज १२ बिट, ३२ किलोहर्ट्झ. एव्हीआय व्हीएलसी प्लेअरमध्ये नीट चालते. एमपी४ केल्यावर मात्र सुरुवात बरोबर असते, मग आवाज हळूहळू चित्राच्या पुढे जातो. तासाच्या शेवटी दोनेक सेकंदांचा फरक पडतो, टाळ आधी ऐकू येतो आणि हात नंतर हलतो. सूर बदलत नाही.

हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये कॉन्स्टंट फ्रेमरेट (सगळीकडे एकच फ्रेमवेग) ठेवून पाहिला. एफएफएमपेग या कमांड लाइनवरच्या रूपांतर साधनात आवाज ४८ किलोहर्ट्झ एएसी केला, असिंक्रोनस रीसॅम्पलिंगही (वेळेच्या खुणांप्रमाणे आवाज जुळवणे) लावले, फरक तेवढाच. आवाज वेगळा काढला तर तो चित्रापेक्षा तेवढाच कमी भरतो.

कॅमकॉर्डर बंद पडलाय, त्यामुळे पुन्हा कॅप्चर शक्य नाही. विंडोज आहे, कमांड लाइन चालेल, विकतचे सॉफ्टवेअर नको. आवाज सरसकट ताणायचा पर्याय मला धोक्याचा वाटतो, कारण फरक सगळीकडे सारखाच वाढतो याची खात्री नाही.

टाइप २ मध्ये चित्राच्या प्रवाहातल्या डीव्ही फ्रेममध्येही मूळ आवाज असतो. तो प्रवाह तसाच .डीव्ही फाइलमध्ये काढून त्यातला आवाज वापरला तर जुळेल का? कोणी केले असल्यास नेमकी कमांड काय द्यायची?