जळगावला आंतरराष्ट्रीय प्रदर्शन केंद्र हवं की आधी शीतगृहं? (चर्चा)

सावदेकर
दर डिसेंबरात रावेर-यावल पट्ट्यातून गाड्या भरून शेतकरी पुण्याजवळ मोशीच्या किसान प्रदर्शनाला जातात. रात्रभर प्रवास, दिवसभर पायपीट, परत रात्रीची गाडी. तिथे जे बघून येतात, ठिबकच्या नळ्या, टिश्यूकल्चरची रोपं, पीव्हीसी पाइप, त्यातलं बरंच जळगावातच तयार होतं! आपला माल बघायला आपणच पुण्याला जायचं, हे मला पटत नाही.

जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आखातात कंटेनर जातात. पण बाहेरच्या खरेदीदाराशी सामान्य बागायतदाराची समोरासमोर गाठ पडत नाही, आणि भावासाठी अजून मध्य प्रदेशातल्या बऱ्हाणपूरच्या बाजाराकडे बघावं लागतं. म्हणून जळगाव-भुसावळच्या मध्ये कुठेतरी कायमस्वरूपी आंतरराष्ट्रीय प्रदर्शन आणि कन्व्हेन्शन सेंटर व्हावं, असं माझं ठाम मत आहे. भुसावळहून मुंबई, नागपूर, इटारसी, सुरत, चारही बाजूंना रेल्वे आहे. अजिंठा साठेक किलोमीटरवर. खरेदीदाराने इथे यावं, सकाळी बाग बघावी आणि दुपारी टेबलावर बसून सौदा करावा. तुमची मतं सांगा, विरोधातली असली तरी चालतील.

अमळनेरकर
विरोधातलंच आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये आमच्याकडे प्रताप महाविद्यालयाच्या आवारात ९७ वं मराठी साहित्य संमेलन झालं. मांडव घातले, संमेलन झालं, मांडव निघाले, आवार मुलांना परत मिळालं.

आणखी मागे जा. डिसेंबर १९३६, फैजपूर. तुमच्या सावद्याच्या शेजारीच. खेड्यात भरलेलं काँग्रेसचं पहिलं अधिवेशन, अध्यक्ष नेहरू. नंदलाल बोसांनी तिथे मिळणाऱ्या बांबूतून सगळं नगर सजवलं, आणि खादी-ग्रामोद्योगाच्या प्रदर्शनाचं उद्घाटन गांधीजींनी केलं. देशभरातून माणसं आली ती काय वातानुकूलित हॉल बघून?

डाळमिलवाला
अमळनेरकर, फैजपूरचा अभिमान मलाही आहे. पण त्या मांडवात सॉर्टेक्स, म्हणजे डाळीतला खराब दाणा वेगळा काढणारं मशीन चालवायचं नव्हतं.

मी मैदानावरच्या प्रदर्शनात स्टॉल लावतो, म्हणून सांगतो. सॉर्टेक्सला थ्री फेज लागते, वेगळा कॉम्प्रेसर लागतो, कारण खराब दाणा हवेच्या फटक्यानेच बाजूला उडतो. जनरेटरचा दाब जरा खाली-वर झाला की हवा कमी पडते आणि काळा दाणा चांगल्या डाळीत निघून जातो. गिऱ्हाईक समोर उभं असतं. ते जनरेटर बघत नाही, मशीन बघतं. त्यात अवकाळी झाला तर हिरव्या मॅटखालची काळी माती फुगते आणि मशीनचा एक पाय खचतो. मग फळ्या शोधा, पाचर मारा. रात्री राखण वेगळीच. कापड, पुस्तकं, मसाले यांना मांडव पुरतो. यंत्राला पक्की जमीन आणि खात्रीची वीज लागते, यात वाद घालण्यासारखं काही नाही.

धुळेकर
बांधणं सोपं, सांभाळणं अवघड. हुडको या सरकारी वित्तसंस्थेच्या कर्जाचं ओझं जळगाव महापालिकेने किती वर्षं ओढलं, ते विसरलात का? वर्षात चार-पाच प्रदर्शनं होतील. बाकीचे दिवस? लग्नं लागतील, नेत्यांचे वाढदिवस होतील. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा एवढा मोठा हॉल थंड ठेवायचं वीजबिल कोण भरणार? घरपट्टी भरणारा माणूसच ना?

सावदेकर
धुळेकर दादा, महापालिकेने बांधावं असं मी कुठे म्हटलं? एमआयडीसी, बाजार समिती आणि उद्योजक मिळून स्वतंत्र कंपनी काढता येईल. आणि लग्नं लागली तर लागू द्या की, भाडं तर येईल. मेमध्ये प्रदर्शन भरवा असंही कुणी म्हणत नाही. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हाच आपला हंगाम.

बागायतदार, चिनावल
माझा विरोध वेगळ्या कारणाने आहे. परदेशी खरेदीदार आला, बाग बघून खूश झाला, सौदा झाला. पुढे? निर्यातीच्या केळीच्या फण्या धुऊन १३ किलोच्या खोक्यात भरल्या की लगेच थंड कराव्या लागतात आणि साधारण १३ अंशांवरच ठेवाव्या लागतात. त्याहून फार खाली गेलं तर साल काळी पडते, वर गेलं तर वाटेतच पिकते. आमच्या पट्ट्यात कापणीच्या ऐन हंगामात पॅकहाउस आणि प्री-कूलिंगसाठी रांग असते. माल रांगेत थांबला की व्यापारी भाव पाडतो. हॉलला जेवढा पैसा लागेल तेवढ्यात किती गावांत शीतगृहं होतील, याचा आधी हिशोब मांडा.

वर सीएमव्ही या केळीवरच्या विषाणूजन्य रोगाने बागा उपटाव्या लागतात, ते दुखणं आहेच.

सावदेकर
भाऊ, शीतगृहाला माझा शंभर टक्के पाठिंबा. पण पॅकहाउस बांधायला पैसा लावणारा माणूसही खरेदीदार दिसल्याशिवाय पुढे येत नाही. तुमच्याच गावात दोन मोठे आयातदार येऊन करार करून गेले, तर बँक दारात उभी राहील.

बागायतदार, चिनावल
बँक उभी राहते ती सातबारा बघून. करार बघून कर्ज मिळालेला एक तरी शेतकरी दाखवा.

मंडप-साऊंड
माझा धंदाच हा आहे, तेव्हा माझं म्हणणं स्वार्थाचं वाटेल, तरी ऐका. मोशीच्या जागेचं नाव आंतरराष्ट्रीय केंद्र असलं, तरी किसान प्रदर्शन भरतं ते उभारलेल्या मोठ्या हँगरमध्ये, म्हणजे सांगाड्यावरच्या तात्पुरत्या तंबूत. लोक येतात ते आयोजकाच्या नावावर.

जळगावात इमारतीच्या आधी चांगलं मैदान हवं. वीसेक एकर जागा घ्या. त्यातली निम्मी काँक्रीट करा, ट्रेलर उभा राहील अशी. जमिनीखालून केबलसाठी चर काढा, ठरावीक अंतरावर थ्री फेजचे बॉक्स द्या. पाण्याची आणि सांडपाण्याची लाइन टाका. बायकांसाठी पुरेशी, पाणी असलेली स्वच्छतागृहं बांधा. आज शेतकरी बाया प्रदर्शनाला कमी येतात त्याचं एक मोठं कारण हेच आहे, मी डोळ्यांनी बघतो, सकाळी आलेल्या बाया दुपारी घराकडे निघतात. या मैदानावर लागेल तेव्हा जर्मन हँगर चढवता येतो आणि डाळमिलवाल्यांचा पायही खचत नाही. पाच वर्षं मैदान भरतं का बघा, मग हॉल बांधा.

नंदुरबारची ताई
सगळे जळगाव-जळगाव करताय. खानदेशात आम्हीपण येतो ना? सारंगखेड्याला दत्तजयंतीला तापीकाठी घोडेबाजार भरतो. पंजाब, राजस्थान, गुजरात, उत्तर प्रदेशातून घोडे येतात, व्यवहार तिथेच रोखीत होतात. तुम्ही म्हणता तसा बाहेरून येणारा खरेदीदार आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या येतोय. आमच्या मिरचीला मात्र वाळत घालायला पक्के ओटे पुरत नाहीत, पथारीवरच्या मिरचीवर पाऊस पडला की माल मातीमोल. आमना गावमा लाईट टिकस नही, आनि तुमी एसी हॉलनी गोट करतस!

डाळमिलवाला
ताई, तुमच्या मिरचीचा मुद्दा मान्य. पण सारंगखेड्याचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. दरवर्षी त्याच तिथीला, त्याच जागी बाजार भरतो म्हणून पंजाबचा माणूस न विचारता निघतो. आमच्या प्रदर्शनाला यंदा एक मैदान, पुढच्या वर्षी दुसरं, आणि कधी ऐन वेळी सभेसाठी तेच मैदान जातं. बाहेरच्या कंपनीला सहा महिने आधी जागा पक्की सांगता येत नाही, मग ती स्टॉलचा आगाऊ पैसा का भरेल? मंडपवाल्यांचं वीस एकरांचं मैदान मला चालेल. फक्त त्याचं बुकिंग पुढाऱ्याच्या फोनवर रद्द होणार नाही, एवढं लेखी हवं.

धुळेकर
ते लेखी कोण देणार, तेवढं सांगा. मग मीही पाठिंबा देतो.