संघात पंधरा जणी, स्मार्टफोन चार आणि उतारा कन्नडमध्ये : सुरुवात कोठून करावी?

प्रश्न
लिहिणार : महिला संघाची सचिव, खानापूर तालुका

सर्वांना नमस्कार. आमचे गाव खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडील जंगलपट्ट्यात आहे. संघात आम्ही पंधरा जणी असून बहुतेकींच्या घरी एक-दोन एकर भातशेती, माळावर थोडी रताळी आणि बांधाला काजूची झाडे आहेत. यजमान किंवा मुले बेळगावला अथवा गोव्याला कामाला असल्यामुळे धूळवाफ पेरणीपासून मळणीपर्यंतचे काम आम्हीच पाहतो.

मागच्या महिन्यात एका बैठकीत आम्हाला सांगण्यात आले, की महिलांनी शेतीसाठी मोबाईलचा वापर वाढवावा. पाच-सहा ॲपची नावे छापलेला कागदही हाती दिला गेला. घरी येऊन मोजणी केली, तेव्हा स्वतःचा स्मार्टफोन असलेल्या चौघीच निघाल्या. सहा जणींकडे बटणांचे फोन आहेत आणि उरलेल्या पाच जणींचे सगळे व्यवहार मुलाच्या किंवा यजमानांच्या नंबरावर जोडलेले आहेत. ओटीपी गोव्यात वाजतो आणि आम्ही इथे नाडकचेरीच्या, म्हणजे महसूल खात्याच्या स्थानिक कार्यालयाच्या, दारात उभ्या असतो.

दुसरी अडचण भाषेची. आमचे शिक्षण मराठी शाळेत झाले. बाजारात बोलण्यापुरते कन्नड येते, वाचता मात्र येत नाही. जमिनीचा उतारा, अर्ज आणि त्या कागदावरील निम्मी ॲप कन्नडमध्येच आहेत. तिसरी अडचण रेंजची. गावात ती फक्त देवळामागच्या चढावर, फणसाच्या बुंध्याशी उभे राहिल्यावर मिळते, आणि पावसाळ्यात वीज गेली की तीही जाते.

संघाच्या खात्यात थोडी शिल्लक आहे. काहींचे मत आहे, की टॅब घ्यावा. काहींना संगणक आणि प्रिंटर घेऊन गावातच सेवा केंद्र काढावेसे वाटते. पैसे घालण्यापूर्वी अनुभवी मंडळींचे मत हवे आहे. कृपया आणखी एक ॲपची यादी देऊ नये. सुरुवात कशापासून करावी आणि काय टाळावे, एवढेच सांगावे.

उत्तर १
लिहिणार : कृषी खात्यातून निवृत्त, बेळगाव तालुका

ताई, टॅब घेण्याआधी पंधराही घरांचे उतारे काढा आणि एका संध्याकाळी एकत्र बसून वाचा. प्रश्न तंत्रज्ञानाचा असताना हा म्हातारा कागदांचे काय सांगतो, असे वाटेल. परंतु माझ्या नोकरीत मी जे पाहिले, त्यावरून हेच पहिले काम आहे.

कर्नाटकाने २००० सालापासून 'भूमी' प्रकल्पाखाली जमिनीच्या नोंदी संगणकावर आणल्या आणि हाताने लिहिलेला उतारा बंद केला. त्यामुळे तलाठ्याच्या मागे हिंडणे कमी झाले, हे मान्य करायलाच हवे. पण संगणकाने नावे बदलली नाहीत; वहीत जे नाव होते, तेच यंत्रात गेले. आता खत-बियाण्यांवरील सवलत, हमीभावाची खरेदी, पीक नुकसानभरपाई हे सारे 'फ्रूट्स' या शेतकरी नोंदणीशी, म्हणजे एफआयडी क्रमांकाशी जोडलेले आहे, आणि एफआयडीला जमीन जोडायची तर उताऱ्यावर नाव लागते. शेत कसणारी बाई आणि उताऱ्यावरचे नाव ही दोन वेगळी माणसे असतील, तर सगळी यंत्रणा कितीही वेगवान झाली तरी ती उताऱ्यावरच्या माणसाकडेच धावणार. तो माणूस वीस वर्षांपूर्वी वारला असला, तरीही.

उतारा वाचताना तीन रकाने पाहावेत. नवव्यात मालकाचे नाव असते, अकराव्यात कर्ज व इतर बोजा असतो आणि बाराव्यात कसणारा व पीक यांची नोंद असते. नवव्या रकान्यात मृत व्यक्तीचे नाव असल्यास पौती, म्हणजे वारसा नोंदीचा अर्ज करावा आणि त्यात विधवेचे व मुलींचे नाव वगळले जात नाही ना, हे डोळ्यांत तेल घालून पाहावे. आपल्या राज्यात एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला जन्मतः हक्क देणारी दुरुस्ती १९९४ मध्येच झाली होती. देशभरासाठी ती २००५ मध्ये आली. तरीही 'बहिणीने सोडून दिले आहे' असे परस्पर लिहून देणारे भाऊ मी भरपूर पाहिले आहेत.

बाराव्या रकान्याची गोष्ट थोडी सविस्तर सांगतो, कारण मोबाईलचा खरा उपयोग तिथेच आहे. पीक सर्वेक्षणाचे ॲप शेतकऱ्याला स्वतःच्या शेतात उभे राहून पिकाचे छायाचित्र घेऊन नोंद करू देते. माझ्या भागातील एका विधवा बाईंच्या माळावर सलग रताळी होती. नोंद करणारा मुलगा बांधापर्यंत आलाच नाही आणि शेजारच्या शेतासारखे भात लिहून मोकळा झाला. अतिवृष्टीत वेल कुजले, तेव्हा कागदावर त्यांचे रताळ्याचे पीकच नव्हते. त्या वर्षी त्यांना काहीही मिळाले नाही, आणि मी खात्यात असूनही त्यांच्यासाठी काही करू शकलो नाही. तुमच्या चार स्मार्टफोनवाल्या मैत्रिणींनी हंगामात पंधराही शेतांत जाऊन ही एक नोंद नीट केली, तरी त्या फोनचे पैसे वसूल झाले असे मी म्हणेन. गावाचा नकाशा चढावर जाऊन आधी उतरवून घ्यावा, छायाचित्रे शेतात घ्यावीत आणि माहिती पुन्हा रेंजमध्ये आल्यावर पाठवावी.

कन्नड वाचता येत नसल्यास उताऱ्याचे छायाचित्र घेऊन फोनवरील भाषांतराची सोय वापरता येते. ती आकड्यांसाठी आणि रकान्यांच्या मथळ्यांसाठी बरी आहे. नावांच्या बाबतीत तिच्यावर विसंबू नये. 'होसूर' या गावनावाचे ती 'नवे गाव' करून ठेवते. नावे वाचण्यासाठी कन्नड शाळेत जाणारी आठवी-नववीतील एखादी मुलगी जवळ बसवावी. सरकारी कागद मराठीतही मिळावेत, ही मागणी रास्त आहे, पण ती वेगळी लढाई आहे आणि तिच्यासाठी यंदाचा हंगाम थांबणार नाही.

उत्तर २
लिहिणार : ऊस उत्पादक, निपाणी

संगणक आणि प्रिंटर घेण्याच्या विचाराबद्दल सावध करावेसे वाटते. आमच्यापासून जवळच, कोल्हापूर जिल्ह्यातील वारणानगर परिसरात १९९८ मध्ये कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील सत्तर गावांना संगणकाने जोडण्याचा मोठा प्रकल्प सुरू झाला. त्या काळी त्याचा देशभर गाजावाजा झाला होता. गावोगावच्या केंद्रांतून शेतकऱ्यांना आपल्या उसाचे वजन, खताची उचल, बिलाची माहिती मिळू लागली. बाकीची स्वप्ने मात्र तेवढी फळली नाहीत. यंत्रे जुनी होत गेली, वीज आणि दुरुस्ती यांचा खर्च वाढत गेला.

काही वर्षांनी तिथल्याच सात गावांत संशोधकांनी आठ महिने एक प्रयोग करून पाहिला. संगणक बाजूला ठेवून तीच माहिती साध्या मोबाईलवरील एसएमएसने देण्यात आली. ती पद्धत स्वस्त पडली, सोयीची ठरली आणि शेतकऱ्यांना अधिक आवडली. बांधावर उभे राहून वजन कळत असेल, तर केंद्रापर्यंत चालत कोण जाईल? तुमच्या सहा बटणवाल्या मैत्रिणींना म्हणूनच कमी लेखू नका. किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा मोफत क्रमांक २००४ पासून चालू आहे. सकाळी सहा ते रात्री दहापर्यंत तिथे बोलून विचारता येते. कन्नड बोलता येते पण वाचता येत नाही, अशा बाईला कोणत्याही ॲपपेक्षा हा क्रमांक जवळचा आहे. भातावरील करपा रोगाचे ठिपके कसे दिसतात, हे ती तोंडाने उत्तम सांगू शकते.

उत्तर ३
लिहिणार : भाजीपाला पिकवणारी, मार्कंडेय नदीकाठ

वरील दोन्ही उत्तरे पटली, पण बाजाराबद्दल कोणीच बोलले नाही, म्हणून लिहिते.

राज्याच्या कृषी पणन खात्याच्या संकेतस्थळावर रोजचे किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर मिळतात. आम्ही सुरुवातीला तेच दर फोनवर पाहून बाजारात भांडायला जात होतो आणि हात हलवत परत येत होतो. दर माहीत असणे वेगळे आणि तो मागता येणे वेगळे. ज्या अडत्याकडून बियाण्यासाठी उचल घेतली आहे, त्याच्याच गाळ्यावर माल टाकावा लागतो, आणि तिथे फोनमधला दर चालत नाही.

खरा फरक पडला तो पट्टीमुळे, म्हणजे अडत्याने दिलेल्या विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठीमुळे. आमच्या आठ जणींचा व्हॉट्सॲप गट आहे. माल विकल्यावर मिळालेल्या पट्टीचे छायाचित्र त्याच दिवशी गटात टाकायचे आणि जिला लिहिता येत नाही तिने आवाजात सांगायचे : माल कोणता, पिशव्या किती, दर काय लागला, वजनातील तूट आणि हमाली किती कापली. पंधरा दिवसांतच दिसून आले, की एकाच दिवशी, एकाच प्रतीच्या कोबीला दोन गाळ्यांवर वेगळे दर लागले होते आणि एका ठिकाणी तूट प्रत्येक वेळी ठरल्यापेक्षा जास्त धरली जात होती. आठही पट्ट्या घेऊन आम्ही चौघी त्या गाळ्यावर गेलो. आवाज चढवला नाही, पट्ट्या फक्त गादीवर ओळीने मांडल्या. पुढच्या आठवड्यापासून तूट कमी झाली. उचल अजून फिटलेली नाही, तो प्रश्न तसाच आहे.

आपल्या रताळ्यांना नवरात्राच्या सुमारास उत्तरेकडून मागणी असते आणि सगळ्यांचा माल एकदम निघतो. त्यामुळे पट्ट्या जमवण्याचे काम काढणीच्या आधीपासून सुरू करा.

उत्तर ४
लिहिणार : बँकेचे व्यवहार गावात करून देणारी, हुक्केरी तालुका

ताईंनी काय टाळावे असेही विचारले आहे, त्याबद्दल माझ्या रोजच्या कामातून सांगते. राज्य सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे दरमहा दोन हजार रुपये २०२३ च्या ऑगस्टअखेरीपासून घरातील कर्त्या बाईच्या खात्यावर येऊ लागले, तेव्हा अनेकींनी आयुष्यात प्रथमच स्वतःच्या नावाने अंगठा लावला. रोप लावणीच्या दिवसांत मात्र अंगठे लागत नाहीत. आठ-दहा दिवस चिखलात राहून रेषा झिजलेल्या असतात. एका आजीने माझ्यासमोर पदराने सात वेळा बोट पुसले आणि शेवटी 'माझाच हात मला ओळखत नाही काय' असे विचारले. अशा वेळी अंगठ्याचाच हट्ट धरू नये. दहांपैकी कोणतेही बोट चालते, आणि अनामिका पुष्कळदा लागते.

प्रत्येक वेळी छापील पावती मागावी आणि तिच्यावरील शिल्लक कोणाकडून तरी वाचून घ्यावी. 'यंत्र चालले नाही, पुन्हा बोट ठेवा' असे सांगून दोनदा रक्कम काढल्याच्या तक्रारी आमच्या भागात झालेल्या आहेत. ओटीपी कोणालाही सांगू नये, हे सगळेच सांगतात. मी एवढेच जोडते, की फसवणूक झालीच तर सकाळची वाट न पाहता लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करावा, कारण रक्कम पुढच्या खात्यांतून निघून जाण्याआधी ती अडवता येण्याची शक्यता असते. आणि ज्या पाच जणींचे खाते मुलाच्या नंबराला जोडलेले आहे, त्यांना आधी स्वतःचे सिमकार्ड घेऊन द्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्वतः वापरता येईल असा मोबाईल असलेल्या स्त्रियांचे प्रमाण देशात सुमारे ५४ टक्केच होते. म्हणजे तुमचा संघ काही वेगळा नाही. स्वस्तातला बटणांचा फोनही पुरेल. ओटीपी त्यावरही येतो.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे आभार. संगणकाचा विचार आम्ही सोडून दिला आहे. संघाच्या शिलकीतून पाच साधे फोन आणि सिमकार्डे घेण्याचे ठरले; दोन घरांतून 'बाईला वेगळा नंबर कशाला' अशी कुरकुर झाली, पण गृहलक्ष्मीच्या ओटीपीसाठी म्हटल्यावर ती थांबली. हवामान खात्याचा मेघदूत ॲपवरील कृषी सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी येतो. तो चढावर जाऊन पाहून येण्याचे आणि संध्याकाळी देवळात वाचून दाखवण्याचे काम आमच्यातील एका सुनेने घेतले आहे.

रविवारी सर्वांसमोर पहिला उतारा माझ्याच घरचा वाचला. शाळकरी मुलीने नवव्या रकान्यातील नाव मोठ्याने वाचले, तेव्हा सासूबाई हसू लागल्या. ते माझ्या आजेसासऱ्यांचे नाव निघाले. ते १९८६ साली वारले आणि त्यांच्या मृत्यूची नोंद कोठेही केलेली नाही. अशा वेळी पौतीचा अर्ज कसा करावा?

उत्तर ५
लिहिणार : कृषी खात्यातून निवृत्त, बेळगाव तालुका

ताई, वंशवृक्षाचा दाखला नाडकचेरीत मिळतो. तो आधी घ्या आणि त्यात आजेसासऱ्यांच्या मुलींची नावे आहेत का, ते पाहा. एक वर्षाहून जुन्या, न नोंदवलेल्या मृत्यूची नोंद करून घेण्यासाठी पूर्वी न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश आणावा लागे. २०२३ च्या दुरुस्तीनंतर तो अधिकार जिल्हा किंवा उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे आला आहे, त्यामुळे अर्ज तिकडे करावा लागेल. जुने रेशनकार्ड, सोसायटीचे कर्जखाते, असे त्यांच्या नावाचे जे काही घरात असेल ते एका पिशवीत जमा करून ठेवा, आणि जाताना सासूबाईंना बरोबर न्या. १९८६ सालचे सांगू शकेल असे घरात दुसरे कोणी नसणार.