पावसात सायकलवर घालायला इरल्यासारखं काही मिळतं का?

मेढ्याची_मास्तरीण

नमस्कार मंडळी. मी मेढ्याला राहते आणि केळघरच्या बाजूला 7 किलोमीटरवर एका शाळेत शिकवते. चार वर्षं झाली, रोज सायकलनेच जाते-येते. उन्हाळ्याबद्दल काही म्हणणं नाही, थंडीत तर मजाच असते. अडतं ते जून ते सप्टेंबर. वर महाबळेश्वरला वर्षाला 5000 मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि त्यातले बरेचसे ढग आमच्या डोक्यावरही रिकामे होतात.

आतापर्यंत तीन रेनकोट झाले. पहिला पातळ प्लास्टिकचा, महिन्याभरात काखेत फाटला. दुसरा जाड रबरी, स्कूटरवाले घालतात तसला. त्यातून पावसाचा थेंब आत येत नाही, पण शाळेत पोचेपर्यंत मी आतूनच चिंब. एकदा खात्री करायची म्हणून नुसतं ढगाळ असताना तोच कोट घालून गेले. चढ धरून 35 मिनिटं. व्हरांड्यात बाही उलटी केली तर कोपरापासून घामाची धार लागली. म्हणजे एवढे दिवस ज्याला मी पाऊस समजत होते तो निम्मा माझाच घाम होता. तिसरा कोट पैसे साठवून घेतला, हवा खेळती राहणाऱ्या कापडाचा, साडेसहा हजारांचा. जूनमध्ये बरा वाटला. जुलैच्या लावणीच्या दिवसांत पुन्हा तेच. ओल्या कुडत्यात पहिले दोन तास फळ्याकडे पाठ करायला नको वाटतं.

मागच्या जुलैत एका खाचराशी थांबले होते. माझ्या वर्गातल्या एका मुलीची आजी लावणी करत होती, पाठीवर जुनं इरलं. मी बघत राहिले म्हणून तिने ते काढून माझ्याच डोक्यावर ठेवलं. "घाल बाई, वाकून बघ." वाकले. पाऊस धो धो, आणि पाठ कोरडी. पोटाशी गार वारं लागत होतं, हात मोकळे, आणि पानांवर थेंबांचा आवाज असा की कौलांच्या घरात बसलोय. तेव्हा लक्षात आलं, लावणी करणारी बाई जशी कमरेत वाकते तशीच मी हँडलवर वाकते. मग आपल्याला चहूबाजूंनी बंद कोट का विकतात? तो उभं राहणाऱ्या माणसासाठी शिवलेला आहे.

तर मला हवंय ते असं: डोकं, पाठ आणि मांड्या झाकेल, पुढून-खालून उघडं असेल, वाऱ्याने उडणार नाही, शाळेत गेल्यावर गुंडाळून कॅरिअरला बांधता येईल. रंग पिवळा किंवा भगवा. पावसाच्या अंधारात काळे-निळे कोट ट्रकवाल्याला दिसत नाहीत, तरी दुकानात तेच जास्त असतात याचा मला राग येतो.

असं काही कुठे मिळतं का? नसेल तर कसं करावं? वडापने, म्हणजे माणसं भरून नेणाऱ्या जीपने, जा असं कृपया सांगू नका. वडाप भरल्याशिवाय सुटत नाही, आणि मला सायकलनेच जायचंय.

रात्रीचा_दिवा

ताई, तुमचा तिसरा कोट फसवा नाही, आपली हवा वेगळी आहे. त्या कापडातून घामाची वाफ बाहेर जाते ती आतल्या आणि बाहेरच्या दमटपणात फरक असतो म्हणून. जुलैत बाहेरच 90 टक्क्यांच्या वर दमटपणा, तापमान 23-24. वाफ जाणार कुठे? शिवाय कापडावर पाणी ठरू न देणारा लेप असतो, तो चिखलाने आणि घासून जातो. मग कापड वरून ओलं होतं आणि उरलीसुरली वाटही बंद. लेबलवर चालत असेल तर धुऊन, वाळवून, कोमट इस्त्री फिरवा, लेप थोडा जागा होतो.

मी पुण्यातून ब्रेव्हे करतो, म्हणजे ठरलेल्या वेळात पुरं करायचं लांब पल्ल्याचं सायकलिंग. 300 किलोमीटरला 20 तास मिळतात, त्यात पाऊस लागला की मी कोरडं राहायचा नाद सोडतो आणि कोरडे कपडे पिशवीत ठेवतो. पण तुम्हाला उतरल्या उतरल्या वर्गावर जायचं असतं, तेव्हा माझा उपाय तुमच्या कामाचा नाही हे कळतं.

एक मात्र नक्की करा. पुढच्या मडगार्डच्या खालच्या टोकाला जुन्या ट्यूबची किंवा रेक्झिनची झडप लावा, रस्त्यापासून चार बोटं वर येईल इतकी लांब. पायावर येणारं बरंचसं पाणी आभाळातून येत नाही, पुढच्या चाकातून येतं. जुन्या काळ्या सायकलींना ही झडप असायची. गिअरच्या सायकलींना मडगार्डच नसतो, तर झडप कुठली.

उत्रेख्तकर

इकडे नेदरलँड्समध्ये सायकलवर घालायचा झगा मिळतो. डोक्यातून घालायचा, पुढचा घेर हँडलवर टाकायचा आणि आतल्या बंदांत अंगठे अडकवायचे. गुडघ्यांवर तंबू होतो, खालून हवा येते. पुढचा दिवा झाकला जातो म्हणून काही झग्यांना समोर पारदर्शक खिडकी असते.

आता उणं सांगते. समोरून वारा आला की झगा शिडासारखा फुगतो आणि पाय भरून येतात. बाजूचा वारा त्याहून वाईट. आणि पाठीवर तो चिकटतोच. इकडे पाऊस 10-12 डिग्रीत पडतो, घाम येत नाही, म्हणून चालून जातं. मेढ्याच्या चढाला पाठ भिजेल असं मला वाटतं.

संगमेश्वरी

वरचं वाचून आमच्या आजीचं इरलं आठवलं. बांबूच्या कामट्यांच्या दोन जाळ्या आणि मधे पळसाची पानं दाबून भरलेली. पावसाळा संपला की ते चुलीच्या वर धुरात टांगून ठेवायची, म्हणजे किडत नसे.

मास्तरीणबाई, पाठ कोरडी राहिली ती पानांमुळे नाही, कामट्यांमुळे. इरलं पाठीला टेकतच नाही. डोक्यावर आणि कमरेवर टेकतं, मधे पोकळी राहते आणि त्यातून वारं वाहतं. झग्याला ताठ कणा नाही म्हणून तो चिकटतो. ट्रेकिंगच्या चांगल्या सॅकलाही पाठीशी ताणलेली जाळी असते, ती याचसाठी.

पण अख्खं इरलं सायकलवर घालू नका. वारा सुटला की आजी त्याच्याकडे पाठ करून उभी राहायची. तुम्हाला चालत्या सायकलवर ते जमणार नाही, पडाल. कामट्या तेवढ्या घ्या. मानेपासून कमरेपर्यंत दोन उभ्या, एक आडवी, वर कापड, खाली कमरेला पट्टा.

मेढ्याची_मास्तरीण

उशिरा लिहितेय, पण करून बघितल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

बाजारात सुपं-टोपल्या विकायला बसणाऱ्या बुरूडकाकांना संगमेश्वरींचं वाक्य जसंच्या तसं वाचून दाखवलं. त्यांनी माझी पाठ वितीने मोजली आणि कामट्या विस्तवावर शेकून बाक दिला. 60 रुपये. वरचं कापड टेम्पोच्या ताडपत्र्या शिवणाऱ्याकडून घेतलं, पिवळं, हलकं. शिलाईसकट 450. पुढचा घेर उत्रेख्तकरांच्या झग्यासारखा हँडलपर्यंत ठेवला, अंगठ्यांच्या बंदांसकट. मडगार्डला ट्यूबची झडप लावली.

बारा दिवस वापरतेय. पाठ कोरडी! काल तर धारेत गेले आणि कुडत्याच्या पाठीला इस्त्रीची घडी तशीच होती. बाह्या कोपरापर्यंत भिजतात, त्याचं मला काही नाही, पुसता येतात. सलवारीच्या पायांवर आधी लाल चिखलाची नक्षी असायची, ती झडपेने जवळजवळ गेली.

वाऱ्याचं म्हणाल तर ओढ्यावरच्या पुलावर तिसऱ्याच दिवशी डावी बाजू वर उचलली गेली आणि सायकल हातभर सरकली. फार घाबरले. आता मागचा घेर सीटखाली एका पट्टीने अडकवते, पण गाठ मारत नाही, टिचबटण लावलंय. पडले तर सुटायला हवं. अंगणात ओढून बघितलं, झटक्यात सुटतं.

अडलंय ते मानेपाशी. चढावर मान वर केली की हेल्मेटची मागची कड कामटीच्या टोकाला लागते, त्यात माझा अंबाडा. केस मोकळे सोडून किंवा कापून जायचं नाही मला. कामटी दोन इंच आखूड केली तर कापड मानेवर पडतं आणि तिथून पाणी आत शिरतं. बुरूडकाका म्हणतात, टोकाला आडवी कमान देतो, टोपलीच्या काठासारखी, अंबाडा तिच्याखाली बसेल. पुढच्या सोमवारी बाजार आहे.

मापं देते, कुणाला करायचं असेल तर: उभ्या कामट्या 19 इंच, दोघींमध्ये 7 इंच, मधोमध पाठीपासून सव्वादोन इंच वर. माझी उंची 5 फूट 2. उंच माणसाने करून बघितलं तर कामटी किती लांब लागली ते इथे लिहा. आमचे शिपाईमामा 5 फूट 9 आहेत आणि त्यांनाही हवंय.