पूर, भराव आणि मळीची जमीन
कोल्हापूरच्या पुराचे सारे खापर कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या अलमट्टी धरणाच्या फुगवट्यावर, म्हणजे धरणामुळे मागे तुंबणाऱ्या पाण्यावर, फोडले जाते; हा मुद्दा मला अर्धवट वाटतो. धरणांच्या विसर्गात समन्वय हवाच, पण नदीने पसरायचे कुठे, हा प्रश्न त्यात हरवतो. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांचे पाणी प्रयाग चिखलीजवळ एकत्र येऊन पंचगंगा होते, आणि पूर्वी तिचे जादा पाणी दोन्ही काठांच्या शेतांत पसरून, वेग गमावून, काही अंशी जमिनीत मुरत असे. कोल्हापूरजवळ पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्याही वर गेले.

आमची थोडी मळीची, म्हणजे पुराच्या गाळाची, जमीन नदीकाठी आहे. पूर ओसरल्यावर बोटभर गाळ मागे राही आणि त्या वर्षी खत कमी लागे, असे वडील सांगत. आता शेजारच्या रानात भराव टाकून मंगल कार्यालय उभे राहिले आहे (परवानगी कशी मिळाली, हे तोच मालक जाणे), त्यामुळे वाट अडलेले पाणी आमच्या शेतात दिवसच्या दिवस तुंबून राहते. २०२१ मध्ये तर शेंड्याच्या पानांच्या पोंग्यात पाणी जाऊन उभा ऊस कुजला. हा भराव अलमट्टीच्या अभियंत्यांनी घातलेला नाही.