ठाणे खाडीतील परक्या शिंपल्या: आधी बंदोबस्त कशाचा?

ऐरोलीकर (मूळ मांडणी):
मागच्या अमावास्येच्या ओहोटीला ऐरोलीच्या जेट्टीवर उभा होतो. पाणी उतरले तसे खांबांवर नखाएवढ्या काळपट शिंपल्यांचे घोस दिसू लागले. एक घोस ओढून पाहिला, तर शिंपल्या सुट्या होईनात; प्रत्येकीने चिवट धाग्यांनी शेजारणीला जखडून ठेवले होते आणि त्यांच्याखाली कालवांची पांढरी कवचे रिकामी पडली होती. कॅरिबियन भागातील मायटिलॉप्सिस सॅली ही शिंपली १९६० आणि ७० च्या दशकांत विशाखापट्टणम व मुंबईच्या बंदरांत आढळली होती. माझ्या मते हीच ती. १९९९ मध्ये तिने ऑस्ट्रेलियातील डार्विनच्या एका नौका-गोदीत ठाण मांडले, तेव्हा चौरस मीटरला वीस हजारांहून अधिक शिंपल्या भरल्या होत्या. तेथील सरकारने तीन गोद्या बंद करून पाण्यात क्लोरीन आणि मोरचूद ओतले व काही आठवड्यांत तिचा नायनाट केला. आपली खाडी २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. निदान प्रत्येक जेट्टीवर पावसाळ्यापूर्वी आणि नंतर परक्या जीवांची मोजणी व्हावी आणि हे जीव जहाजांबरोबर येत असल्याने तिचा खर्च जहाजांवरील उपकरातून निघावा, असे माझे म्हणणे आहे.

सारसोळ्याचा नाखवा:
ऐरोलीकर, डार्विनच्या गोद्यांना दरवाजे होते हे आपण सांगितले नाहीत. तेथे भरती-ओहोटीतला फरक इतका मोठा आहे की, पाणी आत राखण्यासाठी ते आधीपासूनच बसवलेले होते. सव्वीस किलोमीटरच्या आमच्या खाडीला कडी कोठे लावायची? शिवाय मोरचूद परके आणि घरचे ओळखत नाही. त्या गोद्यांतले बाकीचे जीवही त्यात मेलेच.

आमचा शत्रू शिंपली नव्हे. दोन्ही काठांवरच्या शहरांचे मैलापाणी आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांचे पाणी या खाडीने साठ वर्षे पोटात घेतले. माझे वडील पाग टाकून बोय, कोलंबी, कधी जिताडा आणत. आज त्याच ठिकाणी पाग ओढला की आधी पिशव्या वर येतात. परक्याचेच म्हणाल, तर आफ्रिकेतली चिलापी (तिलापिया मासळी) १९५२ मध्ये माणसांनी मुद्दाम देशात आणली. तिची मादी अंडी तोंडात सांभाळते, त्यामुळे जेथे इतर माशांची वीण वाया जाते तेथेही हिची पिल्ले तगतात. पाणी बिघडले म्हणून ती माजली. पाणी सुधारा, मग शिंपल्या मोजा.

वाशीची प्राणिशास्त्रज्ञ:
नाखवा, खाडीत औषध ओतता येणार नाही, हे आपले म्हणणे पूर्णपणे बरोबर आहे. परंतु "पाणी बिघडले म्हणूनच परके माजतात" हे केरळमध्ये टिकत नाही. अष्टमुडी सरोवर २००२ पासून रामसर स्थळ आहे आणि तेथील शिंपल्यांच्या मासेमारीला २०१४ मध्ये शाश्वततेचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्रही मिळाले होते. तरीही मध्य व दक्षिण अमेरिकेतील मायटेला स्ट्रिगाटा या शिंपलीने तेथे काही वर्षांत इतका जम बसवला की लोक तिला 'वरत्तन कक्का', म्हणजे उपरी शिंपली, म्हणू लागले आणि खाण्याच्या शिंपल्या वेचून जगणाऱ्यांच्या पोटावर पाय आला. शिरकाव झाल्यानंतर उपाय जवळजवळ उरत नाही, म्हणून मोजणी आधी हवी.

ऐरोलीकरांनाही एक सांगते: रंग आणि आकार यांवरून जात ठरवू नये. कवच उघडून टोकाशी आतल्या बाजूला लहानसा पडदा दिसतो का आणि त्या पडद्याला दातासारखा उंचवटा आहे का, हे पाहावे लागते. रिकामी कालवे पाहून लगेच या शिंपल्यांना दोषी ठरवणे घाईचे आहे.

पुलावरचा प्रवासी:
जहाजांच्या बॅलास्ट पाण्याविषयीचा, म्हणजे तोल राखण्यासाठी जहाजात भरलेल्या पाण्याविषयीचा आंतरराष्ट्रीय करार २०१७ मध्ये अमलात आला, पण जहाजाच्या बुडाला चिकटून येणाऱ्या जीवांना तो लागू नाही. त्यांच्यासाठी केवळ ऐच्छिक मार्गदर्शक तत्त्वे आहेत. सगळा दोष जहाजांच्या माथी मारण्याआधी मात्र आपण स्वतः काय बांधले तेही पाहावे. ही खाडी मुळात चिखलाची, शिंपलीला धागा अडकवायला कठीण जागा थोडीच. १९७३ च्या वाशी पुलापासून अटल सेतूपर्यंत आपण तिला खांबांची रांगच्या रांग उपलब्ध करून दिली. पाहुण्याला पाट मांडून वर तो बसला म्हणून तक्रार करण्यासारखे हे आहे. मी रोज त्याच पुलावरून जातो, तेव्हा पूल नकोत असे म्हणण्याचा अधिकार मला नाही. पण नव्या खांबांच्या देखभालीत खरवडणे आणि नोंद ठेवणे यांचा समावेश का नसावा?

सारसोळ्याचा नाखवा:
मोजणीला माझा विरोध नाही. विरोध आहे तो उपकर गोळा होऊन अहवाल कपाटात जाण्याला. मोजणी करायचीच असेल, तर आमच्या होड्या भाड्याने घ्याव्यात आणि ज्या खांबावर शिंपल्या मोजाल, तेथेच त्याच दिवशी पाण्यातला प्राणवायूही मोजावा. नाहीतर कालवे शिंपल्यांनी मारली की नाल्यांनी, हा वाद येथेच दहा वर्षे चालेल. बाईंनी सांगितलेला पडदा आपण पाहिलात का, ऐरोलीकर?

ऐरोलीकर:
घोसातल्या दोन शिंपल्या घरी आणून बशीत ठेवल्या होत्या. त्यांतली एक आत्ता सुरीने उघडली. टोकाशी पडदा आहे, दाताविषयी मात्र साध्या डोळ्यांनी खात्री देता येत नाही. दुसरी तशीच बंद ठेवली आहे. बाई, ती आपल्याकडे कशी पोहोचवावी, तेवढे कळवावे.