खासदार कोणाचा, मतदारांचा की प्रतोदाचा?

अडकित्ता

४ नोव्हेंबर १९४८. घटनेचा मसुदा सभेपुढे ठेवताना बाबासाहेबांनी अध्यक्षीय पद्धत सोडून संसदीय का घेतली, ते सांगितलं होतं. एकीत स्थैर्य जास्त, दुसरीत जबाबदारी जास्त. दोन्ही पुरेपूर मिळत नाहीत, तेव्हा आपण जबाबदारीकडे झुकतो आहोत. सरकारचा हिशोब मतदार निवडणुकीत घेतील, पण सभागृहातले सदस्य तो रोज घेतील: प्रश्न विचारून, ठराव मांडून, अविश्वास आणून.

माझ्या मते हा रोजचा हिशोब आपण १९८५ साली मोडीत काढला. ५२वी घटनादुरुस्ती, दहावं परिशिष्ट, म्हणजे पक्षांतरबंदी कायदा. पक्षाच्या व्हिपविरुद्ध (मत कुठे द्यायचं याचा पक्षाच्या प्रतोदाने काढलेला आदेश) मत दिलं, किंवा नुसतं गैरहजर राहिलं, आणि पक्षाने पंधरा दिवसांत माफ केलं नाही, तर खासदारकीवर गदा. सरकार पडण्याचा प्रश्न असो की एखादं किरकोळ दुरुस्ती विधेयक, व्हिप निघाला की शिक्षा एकच. एका खासदारामागे सरासरी अठरा लाखांच्या आसपास मतदार आहेत. त्यांना काय वाटतं हे विचारायची त्याला गरजच उरत नाही, कारण बटण कुठलं दाबायचं ते आधीच ठरलेलं असतं.

माझा प्रस्ताव: विश्वास-अविश्वास ठराव आणि अर्थसंकल्प एवढ्यापुरताच व्हिप बंधनकारक ठेवा. बाकी ठिकाणी मत मोकळं. दिनेश गोस्वामी समिती १९९०मध्ये याहून पुढे गेली होती. तिने व्हिप मोडल्याबद्दलची अपात्रता विश्वास-अविश्वासाच्या मतापुरतीच ठेवायला सांगितलं होतं. बोला आता.

चष्मेबहाद्दर

गेल्या वेळी मत देताना तुम्ही उमेदवाराचं नाव आधी बघितलंत की चिन्ह? खरं सांगा. निदान आमच्या घरात तरी सगळ्यांनी चिन्ह बघितलं. आम्ही पक्षाला, त्याच्या जाहीरनाम्याला, त्याच्या नेत्याला मत दिलं. मग निवडून आलेल्या माणसाने पक्षाबरोबर मत देणं म्हणजेच आमच्याशी इमान राखणं. तो स्वतःच्या मनाने वेगळं मत देणार असेल तर फसवणूक आमची होते.

हा कायदा हौस म्हणून आलेला नाही. १९६७ साली हरियाणात गयालाल नावाच्या आमदाराने एका पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला, त्यातून 'आयाराम गयाराम' आलं. १७ एप्रिल १९९९ला वाजपेयींचं सरकार २६९ विरुद्ध २७० असं एका मताने पडलं. मताला किती किंमत येऊ शकते ते तिथे दिसलं. तुम्ही प्रत्येक विधेयकावर मत मोकळं केलंत, की प्रत्येक विधेयकावर भाव फुटणार. बड्या कंपन्यांना विधेयकं नको असतात, त्यांच्याकडे पैसे असतात. आपल्याकडे सदसद्विवेकबुद्धी बहुतेक वेळा रात्री आणि रिसॉर्टवरच जागी होते हो.

अडकित्ता

म्हणजे सध्या रिसॉर्टं ओस पडली आहेत असं म्हणायचंय का?

२००३च्या ९१व्या दुरुस्तीने एक तृतीयांश फुटीची पळवाट काढून टाकली, विलीनीकरणाला दोन तृतीयांशांची अट राहिली. मग काय झालं? २०१९ला कर्नाटकात १७ आमदार अपात्र ठरले, त्यातल्या बहुतेकांनी आधीच राजीनामे दिले होते. कोर्टाने अपात्रता कायम ठेवली, पण पोटनिवडणूक लढवायला मोकळं सोडलं. डिसेंबरमध्ये १५ जागांवर मतदान झालं, त्यातल्या १२ भाजपने जिंकल्या. आणि महाराष्ट्र? २०२२मध्ये शिवसेनेचे दोन प्रतोद, दोन व्हिप. मे २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रतोद नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा, विधिमंडळ पक्षाचा नव्हे. जानेवारी २०२४मध्ये विधानसभा अध्यक्षांचा निकाल आला, तर दोन्ही गटांतला एकही आमदार अपात्र नाही! ज्याच्यासाठी कायदा केला ते थांबलं नाही. थांबलं काय, तर एकट्यादुकट्याचं विधेयकावरचं वेगळं मत.

ब्रिटनमध्ये १५ जानेवारी २०१९ला थेरेसा मे यांच्या ब्रेक्झिट कराराविरुद्ध त्यांच्याच ११८ खासदारांनी मत दिलं. सप्टेंबरमध्ये पुढचे पंतप्रधान जॉन्सन यांनी विरोधात मत देणाऱ्या २१ जणांना संसदीय पक्षातून काढलं. पक्षाने काढलं, जागा शाबूत. पुढचं मतदारांनी बघायचं. यात वाईट काय?

शाईबोट

मी काही वर्षं एका खासदाराच्या संपर्क कार्यालयात बसलो आहे, म्हणून दोन शब्द.

सकाळी दहाला माणसं येतात. रेल्वेचं तिकीट वेटिंगवर आहे, इमर्जन्सी कोट्यासाठी पत्र द्या. वडिलांचं ऑपरेशन आहे, सहायता निधीसाठी पत्र द्या. केंद्रीय विद्यालयात प्रवेश हवा (खासदाराला वर्षाला दहा प्रवेशांची शिफारस करता यायची, २०२२मध्ये तो कोटा गेला आणि आमच्या डोक्याचा मोठा ताप गेला, कारण दहांना खूश करताना शेकडो नाराज व्हायचे). समाजमंदिराला खासदार निधीतून पैसे द्या. लेटरहेड, सही, शिक्का, जावक क्रमांक, पुढचा. तक्रारी कसल्या? साहेब लग्नाला आले नाहीत, दहाव्याला आले नाहीत.

अमुक विधेयकावर साहेबांनी काय मत दिलं, हे विचारायला माझ्या आठवणीत कोणी आलं नाही. शिकलेलेही नाहीत. तेव्हा व्हिप काढला काय, ठेवला काय, मतदाराला ज्याची चौकशीच करायची नाही ते स्वातंत्र्य खासदार वापरेल कशाला?

रिकामटेकडी

शाईबोट, विचारलं असतं तरी उत्तर काय दिलं असतंत? मत नोंदलेलं असतं का मुळात?

बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने होतात. अध्यक्ष म्हणतात, अनुकूल असतील त्यांनी 'होय' म्हणावं. एक गलका. प्रतिकूल असतील त्यांनी 'नाही' म्हणावं. दुसरा गलका. बहुमत होयचं, विधेयक संमत. कोणी मतविभागणी मागितली आणि ती मिळाली, तरच कोण कुठल्या बाजूला होतं ते नावानिशी कागदावर येतं. १२ नोव्हेंबर २०१४ला आपल्या विधानसभेत तर अख्ख्या सरकारवरचा विश्वासदर्शक ठराव असा आवाजी उरकला, शिवसेना आणि काँग्रेस ओरडत राहिले. २० सप्टेंबर २०२०ला राज्यसभेत कृषी विधेयकांवर विरोधक मतविभागणी मागत होते. सदस्य जागेवर नाहीत या कारणाने तीही विधेयकं आवाजीच झाली. तेच कायदे रद्द करणारं विधेयक २९ नोव्हेंबर २०२१ला संमत झालं, तेव्हा दोन्ही सभागृहांत धड चर्चाही नाही.

व्हिपचं नंतर बघू. आधी प्रत्येक विधेयकाच्या अंतिम मतदानाची नावानिशी नोंद सक्तीची करा. बटणं टेबलावर आहेतच.

चष्मेबहाद्दर

रिकामटेकडींशी शंभर टक्के सहमत, नोंद हवीच. माझा मुद्दा मात्र तिथेच आहे: व्हिप मताला असतो, तोंडाला नाही. १९५७च्या डिसेंबरात फिरोज गांधींनी सत्ताधारी बाकावरून मुंदडा प्रकरण काढलं, एलआयसीचे पैसे मुंदडांच्या शेअरमध्ये कसे गेले ते विचारलं. छागला आयोग बसला आणि दोन-तीन महिन्यांत अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारींना जावं लागलं. हे प्रश्न विचारून झालं. प्रश्नोत्तराचा तास आजही आहे. सत्ताधारी खासदार काय विचारतात? 'या योजनेचा किती लोकांना लाभ झाला, हे मंत्रिमहोदय सांगतील काय?' ही लाचारी दहाव्या परिशिष्टात लिहिलेली नाही, ती तिकिटासाठी आहे. व्हिप सैल करून तिकीटवाटप बदलणार आहे का?

अडकित्ता

तिकिटाचं बरोबर आहे, पण तोंडालाही व्हिप लागतो. त्याच परिशिष्टात 'स्वेच्छेने सदस्यत्व सोडणे' आहे, आणि ते वागण्यावरूनही ठरवता येतं, असं कोर्टाने १९९४मध्येच म्हटलं. डिसेंबर २०१७मध्ये शरद यादवांची राज्यसभेची जागा याच कलमाखाली गेली. विरोधकांच्या सभेला जाणं हा त्यातला एक मुद्दा होता.

व्हिप लागत नाही अशी एक जागा आहे: विधेयकं तपासणाऱ्या संसदेच्या स्थायी समित्या. लोकसभेचे २१ सदस्य, राज्यसभेचे १०, कॅमेरा नाही. तिथे सत्ताधारी खासदारही अधिकाऱ्यांना घाम फोडतात. पण १५व्या लोकसभेत ७१ टक्के विधेयकं समित्यांकडे गेली होती, १७व्या लोकसभेत १६ टक्के. मोकळं बोलता येतं तिथे विधेयकच पोचत नाही.

चष्मेबहाद्दर

मग भांडण समित्यांसाठी करा ना, तिथे मीही येतो. तुमच्या प्रस्तावात मात्र मोठं भोक आहे. पैशांच्या कायद्यांना व्हिप राहणार म्हणता? सरकार हवं ते विधेयक धनविधेयक (फक्त कर-खर्चाचं विधेयक) म्हणून आणेल. २०१६ला आधार तसंच आणलं होतं. धनविधेयक आहे की नाही हे ठरवणार लोकसभा अध्यक्ष, आणि अध्यक्ष कोणाचे?

अडकित्ता

मी 'अर्थसंकल्प' लिहिलंय, 'धनविधेयक' नाही. अनुदानाच्या मागण्या (खात्यांचा खर्च), विनियोजन विधेयक (तो पैसा काढायची परवानगी), वित्त विधेयक (कर). यादी बंद.

रिकामटेकडी

आणि त्या वित्त विधेयकात घुसवलेली बाकीच्या कायद्यांची कलमं? त्यांना व्हिप लागणार की नाही? शिवाय १४ मार्च २०१८ला लोकसभेने सगळ्या मागण्या गिलोटिन लावून चर्चेविना संमत केल्या, वित्त विधेयकही त्याच दिवशी. तुमच्या यादीतलं सगळंच त्यात आलं.

शाईबोट

त्या दिवशीही कार्यालयात गर्दी रेल्वेच्या पत्रांसाठीच असणार.